दोन बोटांची ढील

मागच्या महिन्यात एका नर्सिंग कॉलेजातून फोन आला. "मॅडम, तुम्ही आता रिटायर होताय. अतिदक्षता विभागात इतकी वर्षं काढलीत, परदेशात छावणीत जाऊन सेवा करून आलात. आमच्या मुलींना दोन प्रेरणादायी शब्द सांगा ना." मी म्हटलं, "बाई, प्रेरणादायी मला काही येत नाही. मला गाठ मारता येते. ती शिकवते, चालेल का?" पलीकडं बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. मला झोप येत होती आणि फोन ठेवायचा होता.

गाठ म्हणजे ही. पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, म्हणजे तोंडातून घशात नळी घातलेली असते आणि मशीन श्वास देतं. झोपेचं औषध चालू आहे तोवर माणूस निपचित पडून असतो. औषध कमी केलं, माणूस भानावर यायला लागला, की त्याचा हात आधी कुठं जातो? नळीकडं. घशात बोटाएवढी नळी असली तर तुमचाही जाईल. आणि एकदा का त्यानं ती उपसली की सगळ्या वॉर्डाची पळापळ. घसा आतून सुजलेला असतो, दुसरी नळी जाईलच असं नाही, आणि तेवढ्यात माणूस हातचा जातो. म्हणून आम्ही हात बांधतो. मनगटाला कापूस, त्यावर गॉजची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक पलंगाच्या कठड्याला. मनगट आणि पट्टीच्या मधे आपली दोन बोटं गेली पाहिजेत. एकच गेलं तर पंजा काळानिळा पडतो, तीन गेली तर हात निसटतो. दोन बोटांची ढील. एवढी एक गोष्ट मी चौतीस वर्षं न चुकता केली.

हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं ते बाजीनं. बाजी म्हणजे आमची सीनियर सिस्टर, माझ्याहून वर्षभरानंच मोठी, शहागंजातली. तिला सगळा वॉर्ड बाजीच, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचा, डॉक्टरसुद्धा. मराठी आणि घरची हिंदी एकाच वाक्यात कालवून बोलायची, आणि रागावली की नुसतं "या अल्लाह" म्हणून चष्मा पुसत बसायची. तिच्या डब्यातली खिचडी आणि चिंचेचा खट्टा माझ्याकडं, माझ्या डब्यातली भाकरी आणि ठेचा तिच्याकडं, असा आमचा व्यवहार. एकमेकींच्या घरातली लग्नं, बाळंतपणं, मयती, सगळं झालं, पण डबा काही स्वतंत्र झाला नाही.

आणि माझी माय. माय त्याच दवाखान्यात आयाबाई होती. बिडकीनजवळच्या एका खेड्यातली, लग्न होऊन पडेगावला आलेली. माझे वडील लवकर गेले, मग ही दवाखान्यात लागली. मी नर्सिंगला गेले ती तिच्यामुळंच. "म्या बेडपॅन उचलला, तू इंजेक्शन दे," एवढंच तिचं मार्गदर्शन, पण त्यात सगळं आलं.

मी अतिदक्षतेत लागले त्या पहिल्या दिवशी ती आपली ड्यूटी संपवून मला बघायला आली. मी एका म्हाताऱ्या बाबांचे हात बांधत होते. माय दारातच थांबली, आत आली नाही. संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता म्हणाली, "एक सांगते, ध्यानात ठेव. ज्याचे बांधायचे त्याचे बांध, तुझं काम हाय ते. पण मपले हात कधी बांधू नको. अन् कुणाला बांधू बी देऊ नको. मेले तरी चालंल."

मी हसले. म्हटलं, "तुला काय धाड भरलीय? चांगली ठणठणीत आहेस."

ती हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगायला लागली. ती सात-आठ वर्षांची असताना गावात चावडीपुढं तिच्या बापाचे हात बांधून ठेवले होते. सकाळपासून. उन्हात. ही घरातून तांब्या घेऊन गेली तर तिला हाकलून लावलं. बाप मान खाली घालून बसलेला, आणि माश्या तोंडावर बसल्या तर त्याला त्या हाकलता येत नव्हत्या. तेवढं तिला आठवत होतं, माश्या. मी विचारलं, "पण कशापायी बांधले होते?" तर मायनं माझ्याकडं असं बघितलं की मीच येडी. "कशापायी म्हंजे? आपुन कोण व्हतो तव्हा?" पुढं तिच्या बापानं दीक्षा घेतली, गाव सोडलं, पोरांना शाळेत घातलं. पण ती दुपार मायच्या डोक्यातून गेली नाही. पिठाच्या हातानंच तिनं माझा हात धरला. म्हणाली, "दे वचन." मी दिलं. चोवीस वर्षांच्या पोरीला वचन द्यायला काय जातं?

तेव्हापासून माझ्या ड्यूटीवर किती मनगटं बांधली गेली, कुणी मोजलं नाही. मायचं बोलणं मी विसरले नव्हते, पण हाताला सवय झाली होती. कापूस, पट्टी, गाठ, दोन बोटं. कोरोनाच्या लाटांमध्ये मात्र ते हात जड व्हायला लागले. तेव्हा नातेवाईक आत नव्हते, आमचे चेहरे दिसत नव्हते, आणि माणसं एकटी, हात बांधलेली. वैजापूरच्या मोंढ्यातले एक काका होते, कांद्याचे आडते. चांगले भानावर होते. बांधलेल्या हाताची बोटं हलवून लिहायला मागायचे. मी पाटी धरली तर त्यांनी वाकड्या अक्षरात लिहिलं, "सोड." मी म्हटलं, "काका, उद्या सोडते, आजचा दिवस काढा." दुसऱ्या दिवशी मला पलीकडच्या बाजूला ड्यूटी लागली. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्या पलंगावर दुसरंच माणूस होतं. ते "सोड" मला अजूनही भाजीत मीठ टाकताना मधेच आठवतं, आणि मीठ टाकलं की नाही ते विसरायला होतं.

त्यानंतर मला घरात बसवेना आणि वॉर्डात जाववेना. एका मदत पथकाला बाहेरदेशी नर्स हव्या होत्या, विस्थापितांच्या छावणीत. सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकून मी गेले. इकडं लोक म्हणाले, काय सेवाभाव! सेवाभाव कसला आलाय, पळून गेले होते मी. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बायकांना विचारून हे लिहीत नाहीये. ताडपत्रीचे तंबू, आत भट्टी. ऑक्सिजनची मोजकी यंत्रं, तीही जनरेटरवर, आणि डिझेल संपलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. मॉनिटर नाही. नाडी बोटांनी मोजायची, श्वास डोळ्यांनी. भाषा येत नव्हती म्हणून मी सरळ मराठीतच बोलायचे. "बाळा, जरा टोचेल हं." तिथल्या पोरांना ते कळायचं, का कोण जाणे.

गॉजची पट्टी मी तिथंही खिशात ठेवायचे, सवय. पहिल्याच आठवड्यात तापात बरळणारी एक पोरगी सलाईन उपसून काढायला लागली. मी पट्टी काढली. तिच्या आईनं माझ्या हातातून ती काढून घेतली. रागानं नाही, आपण पोराच्या हातातून सांडशी काढून घेतो तशी. मग स्वतःच्या ओढणीचं एक टोक पोरीच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि पोरीशेजारी खाली आडवी झाली. पोरीनं हात हलवला की आई जागी. हलवला की जागी. चार दिवस असं. पोरगी उठून बसली, भात मागायला लागली. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. इतक्या वर्षांत हे आम्हाला का सुचलं नसेल? सुचणार कसं? आम्ही नातेवाइकांना आधी दाराबाहेर काढतो.

परत आले त्याला वर्ष होत आलं होतं. थंडीचे दिवस. माय आधीच दम्याची, आयुष्यभर चुलीचा धूर खाल्लेला. खोकला झाला, ताप आला, आणि एका सकाळी ती मला बाथरूमच्या दाराला धरून उभी दिसली. ओठ निळे. मी सिस्टर आहे, मला आकडा बघायची गरज नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. दुपारपर्यंत डॉक्टर म्हणाले, नळी टाकावी लागेल. मायला दम लागत होता, एक शब्द बोलायला दोन श्वास. मला जवळ बोलावून म्हणाली, "ध्यानात... हाय ना?"

"हाय," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

भाऊ पुण्याला, फोनवर रडत होता. त्याला म्हटलं, तू रड, मी बघते. पहिले दोन दिवस मायला गाढ झोपेत ठेवलं होतं, तेव्हा प्रश्न नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी झोपेचं औषध कमी करायला घेतलं. तिथला निवासी डॉक्टर माझ्या पोराच्या वयाचा. म्हणाला, "सिस्टर, हात बांधून घेऊ या ना."

"नको सर. मी धरते."

"चोवीस तास?"

"तुमची ड्यूटी छत्तीस तासांची असते तेव्हा कोण विचारतं तुम्हाला?"

बिचाऱ्यानं फाईल मिटली. मी स्टाफ म्हणून मला आत बसू दिलं, नाहीतर कुणी दिलं नसतं. प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, गॉजची पट्टी काढली. एक टोक मायच्या उजव्या मनगटाला, दुसरं माझ्या डाव्या. तिचा डावा हात मी हातात धरला. बाजी आली, पट्टीकडं बघितलं. "ये क्या नवीन?" मी छावणीतल्या त्या आईचं सांगितलं. बाजीनं चष्मा पुसला. "पागल आहेस तू. पण ठीक आहे. दो उंगली ठेवलीस ना?" आणि स्वतः बोटं घालून बघून गेली.

माय हळूहळू वर यायला लागली. डोळे उघडायची, मला ओळखायची, परत झोपायची. हात नळीकडं जायचा, पट्टी ताणली जायची, मी म्हणायचे, "माय, नको गं, श्वास आहे तो," आणि हात खाली आणायचे. हे दिवसभर. तो दिवस गेला, दुसरा गेला. पाठ धरली, पाय सुजले, चहा प्यायला की उलटून यायचा. बाजी दर दोन तासांनी यायची. "दोन घंटे मला दे. मैं पकडती ना हाथ. तू जा, स्टाफ रूममध्ये पड."

मी नाही म्हणायचे. बाजीवर विश्वास नव्हता असं नाही. पण वचन मी दिलं होतं, तिनं नाही. आणि आम्हा सिस्टर लोकांना हा रोगच आहे. आपण बाजूला झालो की पेशंट जातो, असं कुठंतरी आत ठाम बसलेलं असतं. दुसऱ्यांच्या नातेवाइकांना आम्ही हजारदा सांगतो, घरी जा, जेवा, झोपा, तुम्ही पडलात तर कसं होणार. स्वतःला सांगायची वेळ आली की कान बंद.

हात धरून बसल्याच्या तिसऱ्या दिवशी माय बरीच शुद्धीवर होती. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर उद्या सकाळी नळी काढू. म्हणजे एक दिवस उरला होता. एकच. दुपारी दोनला शिफ्ट बदलली, बाजी ड्यूटीवर आली. पलंगाच्या पायाशी उभं राहून सकाळच्या सिस्टरनं तिला पेशंटची माहिती दिली, ती मी ऐकली. मॉनिटरवर नाडी ब्याण्णव होती. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून पिवळं झालं होतं. माझं डोकं पलंगाच्या कडेवर, अंगावर वॉर्डातलं ब्लँकेट, मान आखडलेली. मनगटावरची पट्टी कापलेली. आणि समोर मायचे दोन्ही हात. एक या कठड्याला, एक त्या कठड्याला. बांधलेले. माय जागी होती आणि टक लावून माझ्याकडं बघत होती.

चावडी, ऊन, माश्या, सगळं एकदम तिथं येऊन उभं राहिलं. मी किंचाळलेच. "कुणी बांधले?"

बाजी औषधांच्या ट्रॉलीपाशी होती. म्हणाली, "मी."

"कुणाला विचारून?"

बाजीनं एकदा मायकडं बघितलं, मग खाली ट्रॉलीकडं. "नळी निघत होती," एवढंच म्हणाली.

मी तिला काय काय बोलले! सगळ्या वॉर्डासमोर. मला उठवता येत नव्हतं का, तुला सगळं माहीत होतं ना, तुझ्या हाताला काही वाटलं नाही का. आणि शेवटी म्हणाले, "तुम्हा लोकांना नाही कळायचं हे." तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, हे बोलताना मलाच माहीत नव्हतं. तिला मात्र कळलं. ती "या अल्लाह" सुद्धा म्हणाली नाही. चष्माही पुसला नाही. पुढच्या पलंगाकडं निघून गेली.

मी पट्ट्या सोडल्या. सोडताना सवयीनं बोटं आत घातली. दोन बरोबर गेली. त्याचाही मला राग आला. मायच्या मनगटांवर वळसुद्धा नव्हता. "माय, चुकलं माझं," म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, रुसली. रुसायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. मायला खोकल्याची उबळ आली, मी पाठ चोळली, तोंड पुसलं. घसा पार बसलेला. तिनं मला खुणेनं खाली वाकवलं आणि फाटक्या आवाजात पहिला शब्द काढला. "झोप झाली का?"

ते मला थोबाडीत मारल्यासारखं बसलं. वाटलं, टोमणा आहे. मायला टोमणे मारायला श्वास पुरत नसला तरी ती मारणारच. बाहेर जाऊन वॉश बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि रडले.

मायला आठवड्यानं घरी आणलं. मी ड्यूटीवर परत गेले. बाजीशी बोलले नाही. हँडओव्हरपुरतं, पेशंटपुरतं, तेवढंच. दुपारी मी डबा घेऊन मागच्या जिन्यात जाऊन बसायचे. भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण हट्ट कसला सोडते? बाजीनं एकदाही समजूत काढली नाही, की खुलासा केला नाही. त्याचा आणखी राग. मनात म्हणायचे, बघा, चुकलंय म्हणूनच गप्प आहे. नोकरीतली शेवटची दोन वर्षं उरली होती आणि मला वाटत होतं, हे सगळं आजच टाकून द्यावं.

एक रविवार होता. माय अंगणात उन्हाला बसली होती, मी तिचे केस विंचरत होते. आवाज जरा सुटला होता तिचा. म्हणाली, "बाजी कामून आली नाय गं मला बघायला? दर खेपंला येते."

मी म्हटलं, "तिचं नाव काढू नको."

"कामून?"

"कामून काय? तिनं तुझे हात बांधले. मी झोपले तेवढ्यात. मला माफ कर माय, मी नको होतं झोपायला."

मायनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. अगदी तसंच, भाकरी थापताना बघितलं होतं तसं, मीच येडी म्हणून.

"तिनं नाय बांधले," माय म्हणाली. "म्या दिले."

माझ्या हातातली फणी तशीच राहिली.

"मपला हात जात व्हता नळीकडं. म्या नाय म्हनत व्हते, पण हात ऐकंना. तू तुझा हात मपल्या हाताला बांधला व्हता ना? तर मपल्या हातासंगं तुझा बी हात वर आला. पार नळीपतोर आला. तरी तू उठली नायस. तोंड उघडं टाकून झोपली व्हतीस, लहानपणी झोपायची तशी. मला लई भेव वाटलं. म्हनलं, ही नळी निघली अन् म्या गेले, तर ही पोरगी जलमभर स्वताला खात बसंल. तिचाच हात व्हता म्हनंल." तिला दम लागला. मी पाणी दिलं. प्यायली आणि म्हणाली, "बाजी पळत आली. तुला हलवून उठवाया लागली. म्या मान हलवली. नको म्हनलं. अन् हात दिले."

मी विचारलं, "आणि चावडी?"

"बापाचे लोकांनी बांधले व्हते. मपले म्या दिले," माय म्हणाली. "फणी फिरव ना, का तशीच धरून बसणार हायेस?"

माय त्यानंतर सव्वा वर्ष जगली आणि घरीच गेली, पण ते वेगळं. त्या रविवारनंतर सोमवारी मी डबा घेऊन जिन्याकडं न जाता स्टाफ रूममध्ये गेले. बाजी खिडकीशी बसून जेवत होती. मी समोर बसले. म्हटलं, "सांगितलं का नाहीस मला?"

तिनं वर बघितलं. समजली. "तेरी माँ ने मना किया था. पट्टी बांधून झाल्यावर तुझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, हिला सांगू नको म्हणून. पेशंटचं ऐकायचं की नाही?"

"आणि मी जे बोलले, सगळ्यांसमोर..."

"लगा," बाजी म्हणाली. "बहोत लगा. दोन दिवस मला जेवण गेलं नाही." आणि माझ्या पुढ्यात खिचडीचा डबा सरकवला. "आता जेव. थंडी होतेय."

मी माफी मागितली. नीट मागितली, पुटपुटून नाही. तिनं ऐकून घेतली आणि माझ्या डब्यातल्या ठेच्याला भाकरी लावली. खूप दिवसांनी खाल्ल्यासारखा घास घेतला. मग पाणी पिऊन म्हणाली, "एक बात सांगू? इतक्या वर्षांत हजारो हात बांधले आपण. पण असं कुणी केलं नाही."

"कसं?"

"आधी तिनं उजवा हात दिला. मी बांधला. तर डाव्या हातानं तिनं त्या पट्टीत बोटं घालून बघितली. दोन. आपण बघतो ना, तशी. आयाबाई होती ना ती, तिला सब मालूम. दोन गेली तेव्हा मान हलवली आणि डावा हात पुढं केला."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"मग मी तुझी पट्टी कापली, ब्लँकेट घातलं. तिला म्हटलं, अम्मा, आता तुम्ही पण झोपा," बाजी म्हणाली. "नाही झोपली. तू उठेपर्यंत तुझ्याकडंच बघत होती. तीन घंटे."